कीथच्या नावावरचे मासे

सर्व संबंधितांस, विशेषतः आमच्या भावकीतल्या हयात मंडळींस, अत्यंत जड अंतःकरणाने आणि पूर्ण शुद्धीवर राहून कळवते की माझे वडील उत्तम मासे पकडत असत. ही बातमी घराण्याच्या प्रतिष्ठेला धक्का पोहोचवणारी असल्यामुळे इतकी वर्षं बाहेर फुटू दिलेली नव्हती. ज्यांना वाचून घेरी येण्यासारखं वाटेल त्यांनी आधी बसून घ्यावं, घोटभर पाणी प्यावं आणि मगच पुढे जावं. लहान मुलांना बाहेर पाठवलं तरी चालेल.

आमचं घर इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये एका राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या, पुढे आणि दुसऱ्याच्या अलीकडे होतं. हा पत्ता ऐकून कुणीही पाहुणा पहिल्या फटक्यात पोहोचला नाही, कारण त्या गावात सगळीच घरं तशी आहेत. घरात आई, बाबा आणि मी. पण उन्हाळा आला की बाबांची थोरली बहीण मालवणहून यायची आणि घर तिचं व्हायचं. मी तिला आत्या म्हणायचे, आई ‘वन्सं’ म्हणायची आणि बाबा ‘ताई’. मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होऊन ती निवृत्त झाली होती, म्हणजे पगार थांबला होता, काम चालूच होतं. बाबांची आई ते लहान असतानाच गेली आणि आत्याने त्यांना वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, “एक मूल आयतंच गळ्यात पडलं. ते असं निघालं. दुसऱ्याची हौस राहिली नाही.” हे ती बाबांच्या समोर, त्यांच्या पानात आमटी वाढता वाढता म्हणायची, आणि बाबा “थोडी अजून वाढ” म्हणायचे. त्यांनी आयुष्यात तिला दिलेलं सगळ्यात कडक प्रत्युत्तर ते हेच.

आत्याच्या बॅगेत कोकमं असायची, तिरफळं असायची, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकट असायची आणि मधोमध, दोन परकरांच्या घडीत, तिची स्वतःची विळी. आईकडे सुऱ्यांचा अख्खा संच होता, लाकडी ठोकळ्यात खोचलेला. आत्या त्याला “सर्कस” म्हणायची. ती किचनच्या फरशीवर पाट घेऊन बसायची, नारळ खवायची, मिक्सरमध्ये मसाला वाटायची, आणि तेलात मासा सोडला रे सोडला की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागायचा. तो फक्त मासे तळतानाच ओरडतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून त्याचं नाव मांजर. “मीनल, मांजराला हाकल गं!” अशी आरोळी आली की मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचे. आज माझ्या स्वतःच्या घरातला अलार्म वाजला की माझी इंग्रज सून नकळत टॉवेल शोधते. वळण लागतं ते असं.

मराठीही मला तिनेच लावली, विळीला धार लावतात तशी. माझी मराठी तेव्हा घरगुती होती. क्रियापदं चालायची, पण कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी हे मी अंदाजाने ठरवायचे. “आत्या, मासा करपली.” “करपला. मासा तो, मासळी ती. आणि तू तो नव्हेस, ती नव्हेस, ते आहेस. गाढव.” आज मी हे तुमच्यासमोर सरळ लिहिते आहे ते त्या उन्हाळ्यांच्या जोरावर.

आता एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचा छळ नीट कळणार नाही. आत्याच्या राज्यात माशाची मधली तुकडी, जाड आणि काटे कमी असलेली, ज्याने मासा घरात आणला त्याच्या पानात पडायची. तिच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं ते. आता तुम्ही म्हणाल, मासे आणायचे तर बाबाच. खरं आहे. महिन्यातून एकदा ते पार लंडनमधल्या इल्फर्डपर्यंत गाडी हाणायचे आणि तिथल्या दुकानातून गोठलेली सुरमई आणायचे, जी टेबलावर ठेवली की दगडासारखी वाजायची. पण आत्याचा निकाल होता की विकत आणणं म्हणजे आणणं नव्हे. “ह्याला मरून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. सुतक धरायचं की मसाला लावायचा?” मग ती मधली तुकडी मला देई, पुढची आईला, आणि बाबांच्या पानात शेपटी. पन्नाशीला आलेला, हाताखाली गोदामातली वीस माणसं असलेला माणूस शेपटी चोखत बसायचा. मालवणात लहानपणीही त्यांना शेपटीच मिळायची, कारण शेजारची पोरं गळ टाकून टोपल्या भरभरून मासे आणत आणि बाबा खाडीवरून हात हलवत परत येत. ते आत्या विसरली नव्हती. ती काहीच विसरायची नाही. शाळेतल्या मुलींची नापास झालेली वर्षंसुद्धा तिला पाठ होती.

म्हणून, माझी खात्री आहे, म्हणूनच बाबांनी तळ्यावरच्या क्लबात नाव घातलं.

गळ टाकून बसणं ही करमणूक आहे असं ज्याने पहिल्यांदा ठरवलं तो तुरुंगात वाढलेला असला पाहिजे. मी पंधरा वर्षांची होते आणि शनिवारी बाबांबरोबर जायचे, कारण घरी राहिलं तर शुद्धलेखन होतं. पहाटे निघायचं, घडीच्या खुर्च्या काठावरच्या चिखलात रुतवायच्या, गळाला अळी टोचायची आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटकडे बघत बसायचं. फ्लोट म्हणजे काडीएवढी वस्तू, वरचं टोक लाल. ती बुडाली की समजायचं मासा लागला. ती बुडत नाही. ती हलते, तेव्हा वारा असतो. कलते, तेव्हा बदक असतं. एकदम दिसेनाशी होते, तुम्ही झटका देऊन काठी उचलता, आणि हातभर शेवाळ अंगावर येतं. थर्मासमधला चहा संपतो, पाऊस धड पडत नाही आणि धड थांबत नाही, पाठीत कळ येते, आणि घरी जावं असा विचार पक्का झाला की बरोब्बर त्या क्षणी फ्लोट नुसता थरथरतो. झालं. आणखी एक तास गेला. परमेश्वराने माशाला मेंदू दिला नाही असं म्हणतात. माणसाला कसं बसवून ठेवायचं एवढं मात्र त्याला पुरेपूर शिकवलं आहे.

अळ्या आमच्या फ्रिजमध्ये राहायच्या, मार्जरिनच्या डब्यात. आमच्या फ्रिजमध्ये मार्जरिनच्या डब्यात मार्जरिन सोडून सगळं असायचं, त्यामुळे चटणी म्हणून भलताच डबा कुणी उघडू नये यासाठी आईने अळ्यांच्या झाकणावर लाल टिकली लावली होती. आत्या ती टिकली बघून म्हणायची, “अळ्या माशांना, मासे त्या कीथला. आणि सुध्या, तुझ्या वाट्याला काय? डबा घासणं.”

कीथचं आता सांगते.

झालं असं होतं की बाबा त्यात निघाले हुशार. खाडीत जे जमलं नाही ते तळ्यात जमलं. त्यांच्या हाताला काहीतरी होतं, किंवा आयुष्यभर बोलणी खाल्ल्यामुळे गप्प बसून राहण्याची जी सवय लागली होती ती होती. माशांना ती मानवायची. कार्प, ब्रीम, पट्टेरी पर्च, ज्याला जे लागत नसे ते बाबांना लागे. क्लबातले लोक त्यांना ‘सिड’ म्हणत आणि ते कुठे बसतात ते बघून शेजारी खुर्च्या टाकत. माझं नाव मीनल, त्याचं त्यांनी ‘मिनो’ केलं होतं, म्हणजे बोटाएवढा क्षुद्र मासा. आणि कीथ आमच्या कायम डाव्या हाताला. निवृत्त पोस्टमन, मोठा लाल चेहरा, उत्तमातलं उत्तम सामान, आणि लागायचं काही नाही. कधीच नाही. मासे त्याच्या गळाला वळसा घालून बाबांकडे येत असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याची बायको त्याला सोडून गेली होती. तिथे सोडण्याचा रिवाज तळ्यापुरता नव्हता.

कारण तोच तर नियम होता. मासा पकडायचा, ओल्या गादीवर ठेवायचा, गळ अलगद काढायचा, ओठाला जखम झाली असेल तर बाटलीतलं औषध लावायचं, हवं तर फोटो काढायचा, आणि परत पाण्यात सोडायचा. खायचा नाही, घरी न्यायचा नाही. नेला तर क्लबातून नाव कमी. पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी आत्याला हे आडून आडून सांगून पाहिलं होतं. “ताई, इथे काही लोक पकडलेला मासा परत सोडतात म्हणे.” आत्याने हातातलं वाटण खाली ठेवलं. “आजारी असतो म्हणून?” “नाही. चांगला असतो.” “मग सोडणारा आजारी असणार. वाढलेल्या पानाला लाथ मारून उठणारी जात ती. असल्या माणसाला मी माझ्या उंबऱ्यात उभं करणार नाही.”

पुढच्याच शनिवारी त्यांना एक ब्रीम लागला, परातीएवढा, ब्राँझसारखा चमकणारा. घरी येईपर्यंत ते गाडीत गात होते. दारात आत्या उभी. “लागलं का काही?” बाबांनी तोंड उघडलं, आणि मी शेजारून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून तो मासा सरसर सरकत गेला. मासा लागला म्हटलं तर पुढचा प्रश्न, कुठाय. “कीथला लागला,” बाबा म्हणाले. “परातीएवढा. मी नुसता धरला.”

जगातले झाडून सगळे गळवाले न पकडलेला मासा पकडल्याची थाप मारतात. पकडलेला मासा न पकडल्याची थाप मारणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो माझा बाप होता. पण त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याला मासा लागत नाही तो दुर्दैवी, त्याला शेपटी मिळते. ज्याला मासा लागतो आणि जो तो सोडून देतो, त्याला त्या घरात काय मिळालं असतं ते सांगायला शब्द नव्हता. त्यांनी दुर्दैव पत्करलं.

मग सुरू झालं कीथपुराण. बाबांनी पकडलेला प्रत्येक मासा जेवणाच्या टेबलावर कीथच्या नावावर जमा होऊ लागला. मी मान डोलवायचे. इतकं मजेशीर नाटक घरात फुकट चालू असताना पडदा पाडणारी मी कोण? आत्या रंगून ऐकायची. कीथने कसा धीर धरला, कीथने काठी कशी तिरपी केली, कीथने दोर कसा ढिला सोडला. बाबा सांगताना इतके खुलायचे की स्वतःचे हात पुढे करून दाखवायचे, आणि आत्या म्हणायची, “बघ. बघून तरी शीक. तोच काठ, तेच पाणी, त्याच अळ्या. त्याला लागतो नि तुला लागत नाही, म्हणजे खोट कुठे आहे? पाण्यात?” “नाही, ताई.” “मग कुठे?” बाबा शेपटीतला काटा काढत बसायचे. एकदा तिने कीथसाठी नारळाच्या वड्या पाठवल्या. “त्याच्या बायकोला दे. भाग्याची बाई. रोज ताजा मासा रांधत असेल.” कीथने त्या काठावर बसून, एकट्याने, एका दमात सगळ्या खाल्ल्या, आणि आपल्यासारख्या माणसासाठी कुणी वड्या कराव्यात या विचाराने त्याचे डोळे भरून आले. मला इतकं हसू आलं की मी अळ्यांचा डबा सांडला.

आईला सगळं माहीत असणार. ती कधी बोलली नाही, पण शनिवारी बाबांचा कोट दाराबाहेर झटकताना त्यावर चिकटलेले खवले ती नखाने एकेक काढायची आणि माझ्याकडे बघायची.

असे काही उन्हाळे गेले आणि एका वर्षी आत्याचे गुडघे फारच धरले. विमानाचा प्रवास आता शेवटचा, हे तिनेच जाहीर केलं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात क्लबची मोठी स्पर्धा होती, ज्यात सकाळभरात पकडलेल्या माशांचं एकूण वजन करून कप देतात. बाबा जिंकणार हे तळ्यावर सगळ्यांना माहीत होतं. आणि बाबांच्या डोक्यात किडा शिरला, की ताईने जाण्याआधी एकदा, एकदाच, आपल्या हातात काहीतरी बघावं. मासा नाही तर निदान कप. मासा विचारायची वेळ येऊ नये यासाठी त्यांनी बेत केला. सकाळी स्पर्धा, मग वजन, मग मासे परत पाण्यात, मग जेवण, आणि जेवणानंतर कप. आईने आत्याला घेऊन थेट कपाच्या वेळी यायचं. तोवर सगळे मासे तळाशी. कप कशाचा असं विचारलं तर ‘चिकाटीचा’ म्हणून सांगायचं. “आणि तुझी आई गाडी चालवणार,” बाबा मला म्हणाले, “म्हणजे राउंडअबाउटांवर अर्धा-पाऊण तास तरी जाईलच.”

हे खरं होतं. आईला कुठल्याही राउंडअबाउटवर कुठल्या फाट्याने बाहेर पडायचं ते कधी कळलं नाही. ती देवळासारखी प्रदक्षिणा घालत राही. पण आत्याला निमंत्रण मिळाल्यावर तिने एकच शब्द धरला. बाबांच्या तोंडून चुकून निघून गेला होता, ‘कीपनेट’. काठावर खुंटीला बांधून पाण्यात सोडलेली लांब नळीसारखी जाळी असते. दिवसभरात लागलेले मासे वजन होईपर्यंत तिच्यात जिवंत ठेवतात. आत्याने इंग्रजी विषय शिकवलेला. “कीप म्हणजे ठेवणे,” ती आईला म्हणाली. “ठेवायची जाळी. कीथची भरलेली असणार. एवढ्या माशांचं एकटा माणूस काय करील? बायको केवढं म्हणून साफ करील? आपण जायचं, हात लावायचा, दोन आपल्यालाही देईल. वड्या खाल्ल्यात त्याने.” आणि ती पहाटे उठून वाटणाला बसली.

तेव्हा चित्र असं. तळ्याकाठी ऊन पडलेलं, दुर्मीळ. बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस चालू. फ्लोट टाकला की बुडत होता, टाकला की बुडत होता, जाळी जड होत चालली होती. कीथची जाळी कोरडी. आणि मी सहज मागे वळून बघते तो कार पार्कातून आत्या येते आहे. काठापदराची साडी, वर बाबांचा जुना टोपीवाला अनोरॅक, थंडीपावसाचा, एका हातात आइस्क्रीमच्या डब्यात वाटण, दुसऱ्या हातात परकरात गुंडाळलेली विळी, आणि मागे आई, पातेलं घेऊन. आई त्या दिवशी सगळ्या राउंडअबाउटांवरून पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. आजही विचारलं तर म्हणते, “पाट्या वाचल्या. पाट्या वाचल्या की येतं.” आणि चहा ओतायला लागते.

“बाबा,” मी म्हटलं, “आत्या.”

बाबांनी वळून पाहिलं. त्यांचा रंग गळाला लावायच्या पावासारखा झाला. पण त्यांना उठता येईना. काठी वाकलेली होती, दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी प्रचंड ओढत होतं.

आत्या बाबांना ओलांडून, ऐकलेल्या वर्णनावरून लाल चेहरा ओळखून, सरळ कीथसमोर जाऊन उभी राहिली. शाळेत बक्षीस समारंभात पाहुण्यांचं स्वागत करावं तशी मान झुकवून म्हणाली, “मिस्टर कीथ, यू आर अ व्हेरी ग्रेट फिशरमन.”

कीथ आधीच रडकुंडीला आलेला. त्याला वाटलं बाई टिंगल करते आहे. “देअर्स नो नीड फॉर दॅट,” तो म्हणाला.

“काय म्हणतो?” आत्याने मला विचारलं.

“गरज नाही म्हणते. म्हणतो.”

“विनय आहे,” आत्या खूश झाली. मग तिने वाकून त्याची जाळी पाहिली. रिकामी. “हॅव यू सोल्ड ऑल?”

मग कीथने, कपाळाला हात लावून, सगळं सांगितलं. की त्याला या वर्षात काही लागलेलं नाही. गेल्या वर्षातही नाही. की इथे ज्याला मासे लागतात तो एकच माणूस आहे, तो, तुमचा भाऊ, सिड, त्याची जाळी बघा. आणि वड्या फार छान होत्या. आत्याचं इंग्रजी चांगलं होतं, पण ती माझ्याकडे बघायला लागली, चुकीचं ऐकलं की काय म्हणून. मी ‘बरोबर ऐकलंस’ अशी मान हलवली. मजा अशी की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला हसू येत नव्हतं.

ती वळली तोच बाबांनी मासा काठावर घेतला. आरसा-कार्प म्हणतात त्याला, अंगावर मोजके खवले, रुपयाएवढे, आणि पोट तान्ह्या मुलासारखं. मागोमाग वजन करणारा सेक्रेटरी आला, त्याने बाबांची जाळी वर ओढली, आणि ती येतच राहिली. आत सगळं चांदी आणि पितळ, उसळणारं, फडफडणारं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आत्या पुढे झाली. तिने बोट घालून एका माशाचा कल्ला उचलून पाहिला, बाजारात बघतात तसा. लालभडक.

“सुध्या,” ती म्हणाली, “हे सगळे तुझे?”

बाबांनी मान डोलावली.

“तुला लागले?”

“हो, ताई.”

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. गुडघ्यांचं दुखणं विसरून ती तिथेच गवतात बसली, परकराची घडी सोडली, विळी उभी केली. “वासंती, पातेलं दे,” ती आईला म्हणाली. “मीनल, पाणी आण. हा मोठा इथेच साफ करते. मधली तुकडी सुध्याची. आज कुणी हात लावायचा नाही.” आजूबाजूची दोन-तीन इंग्रज कुटुंबं सँडविच धरून मागे सरकली. सेक्रेटरीने विळीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, वजन वहीत टिपलं आणि हळूच म्हणाला, “लव्हली. राइट, बॅक दे गो, सिड.”

आता त्या मोठ्या माशाला दोन्ही हातांत धरून बाबा मधोमध उभे. एका बाजूला तळं. दुसऱ्या बाजूला बहीण, पातेलं पुढे केलेली. मासा तोंड उघडत होता आणि मिटत होता. ओठात गळाचं लाल भोक पडलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग सवयीने म्हणा, दुसरं काही सुचेना म्हणून म्हणा, त्यांनी मासा छातीशी धरून खिशातली बाटली काढली आणि त्याच्या ओठाला औषध लावलं.

“हे काय लावतोस?” आत्या म्हणाली. “मसाला मी आणलाय.”

“औषध आहे.”

“कशाचं?”

“जखमेचं.”

“अरे, कापायचाय त्याला!”

“आत्या, ती मासा सोडायचीच असते!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तो मासा,” आत्या म्हणाली, माझ्याकडे न बघता.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. वाकले. क्षणभर मासा त्यांच्या हातांवर तसाच राहिला, जणू त्यालाही ठरवता येत नव्हतं. मग शेपटीचा एक फटका, गढूळ पाणी, आणि काही नाही. सेक्रेटरीने जाळी उपडी केली. बाकीचे गेले, भरभर, चांदीची मोड ओतावी तसे. काठावर टाळ्या झाल्या. कीथने सगळ्यात जोरात वाजवल्या.

आत्या पातेलं धरून बसली होती. तिने बाबांना सुटण्याची वाट दिली, हे मला आज कळतं. ती कठोर होती पण बहीण होती. “निसटला?” तिने विचारलं. जवळजवळ विनवणीच्या आवाजात. “हातातून निसटला ना रे?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत इतक्या थापा मारल्या होत्या, त्यात आणखी एक; दुर्दैवी म्हणून घरी गेले असते, शेपटी खाल्ली असती, आणि आत्या समाधानाने मालवणला गेली असती. बाबा पाण्यात उभे होते, पँट ओली, हात बुळबुळीत, आणि का कुणास ठाऊक त्यांनी पाठ सरळ केली.

“नाही, ताई. सोडला. नेहमीच सोडतो. कीथला लागले म्हणून सांगितले ना, तो ब्रीम, ते सगळे, ते माझेच होते. सगळे मी पकडले आणि सगळे मी सोडले.”

आत्याने पातेलं गवतावर ठेवलं. विळी मिटली. सेक्रेटरी जेवणाची वाट न बघता कप घेऊन येत होता, लोक गोल करून उभे राहत होते, कुणीतरी बाबांना काठावर ओढलं आणि फोटोसाठी आत्यालाच उठवून त्यांच्या शेजारी सरकवलं. ती त्यांच्याकडे नखशिखान्त बघत राहिली, आणि सगळे एकदम गप्प झाले त्याच क्षणी, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अरे मेल्या, आणि मी इतकी वर्षं तुला नुसता नालायक समजत होते!”